तर, तरच आणि अटी लागू

"लोकांना साधं लॉजिक कळत नाही हो!" आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं बसलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. निमित्त काहीही चालतं. निवडणुकीचे निकाल, ट्रॅफिक, नातेवाइकांचे फॉरवर्ड... आणि दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी हमखास मिळणारं निमित्त म्हणजे भेंडवळची घटमांडणी. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून वर्षाचा पाऊस, पिकं, राजा अशा सगळ्याचं भाकीत सांगतात. बातमी आली की आपल्यातला कोणीतरी चहाचा कप खाली ठेवून म्हणतो, "पी इम्प्लाइज क्यू म्हणजे काय ते शाळेत नीट शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती."

माझं या वाक्याशी भांडण आहे. भेंडवळच्या भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. पण लोकांना जर-तर कळत नाही, हे मला साफ नामंजूर आहे. लोकांना जर-तर उत्तम कळतं. आपण कॉलेजात शिकलो ते जर-तर वेगळं आहे आणि रोजच्या जर-तरपेक्षा बरंच गरीब आहे. या दोघांमधल्या फटीत जेव्हा एखादा शेतकरी अडकतो, तेव्हा दोष त्याच्या लॉजिकचा नसतो, ते वाक्य लिहिणाऱ्याचा असतो. आणि लिहिणाऱ्यांत आपण प्रोग्रामर मंडळीही येतो.

आता एकेक करून सांगतो.

पुस्तकातलं जर-तर

तर्कशास्त्राच्या पुस्तकात "जर अ तर ब" हे वाक्य फक्त एकाच परिस्थितीत खोटं ठरतं: अ खरं आणि ब खोटं असेल तेव्हा. उरलेल्या तिन्ही परिस्थितींत ते खरं. संपलं. अ आणि ब यांचा एकमेकांशी काही संबंध असावा अशी अटच नाही. त्यामुळे ही दोन वाक्यं बघा:

१. जर शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असेल, तर जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाला झाला.

२. जर लोणारचं सरोवर चौकोनी असेल, तर खामगाव ही भारताची राजधानी आहे.

पुस्तकाच्या हिशोबाने दोन्ही खरी! पहिल्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दुसऱ्यात "जर"ची बाजूच खोटी आहे (लोणारचं विवर चांगलं वाटोळं आहे), म्हणून पुढे काहीही लिहा, वाक्य खरंच. हीच वाक्यं शेगावच्या स्टेशनवर कुणाला म्हणून दाखवा. तो तुमच्याकडे असा बघेल की पुढची गाडी पकडून परत यावंसं वाटेल.

हे भांडण नवं नाही. फिलो आणि डायोडोरस हे दोन ग्रीक तर्कपंडित सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच यावर भांडले. आजचं पुस्तकी जर-तर हे फिलोचं. तो वाद इतका गाजला की कॅलिमॅकस नावाच्या कवीने थट्टा केली, आता छपरावरचे कावळेसुद्धा याच विषयावर कावकाव करतात. पुढे १८७९ मध्ये फ्रेगेने आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घातला तेव्हा फिलोचाच अर्थ घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. आय. लुईसने त्याला हरकत घेतली, की हे असलं "तर" कुणी बोलत नाही. तेव्हापासून तत्त्वज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ यावर लिहीतच आहेत.

मग हा अर्थ घेतला तरी कशाला? त्याला कारण आहे, आणि चांगलं कारण आहे. कावळ्यांचंच उदाहरण घ्या. "सगळे कावळे काळे असतात" याचा गणिती अर्थ असा: जगातली कोणतीही वस्तू घ्या, जर ती कावळा असेल तर ती काळी आहे. आता माझा लॅपटॉप पांढरा आहे. तो कावळा नाही, म्हणून त्याच्यामुळे नियम मोडता कामा नये. म्हणजे "जर" खोटं असताना वाक्य खरं धरावं लागतं. गणिताच्या सिद्धतेसाठी, चिपच्या डिझाइनसाठी, कंपायलरसाठी हे अवजार एक नंबर आहे. माझी तक्रार अवजाराबद्दल नाही. पाना चांगला आहे म्हणून त्याने दात काढायला बसलेल्या माणसाबद्दल आहे.

रोजचं जर-तर

रोजच्या बोलण्यातलं "तर" पुस्तकातल्यापेक्षा निदान तीन गोष्टी जास्त सांगतं.

पहिली गोष्ट, संबंध. "ढग भरून आले तर पाऊस येईल" म्हणणारा माणूस ढगाचा पावसाशी काहीतरी नातं आहे असं सांगत असतो. नातं नसेल तर ते वाक्य आपण खोटंही म्हणत नाही, येडपट म्हणतो.

दुसरी गोष्ट, उलट बाजू. बाबा पोराला म्हणाले, "गाडी धुतलीस तर शंभर रुपये देईन." पोरगा काय समजतो? धुतली तर शंभर, नाही धुतली तर नाही. पुस्तकाप्रमाणे दुसरा अर्धा भाग त्या वाक्यात नाहीच. गाडी न धुता शंभर मिळाले तरी वाक्य खरंच राहतं. पण भाषेत तो भाग न बोलता येतो. गाइस आणि झ्विकी या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये नेमकं हेच मांडलं: जर-तर ऐकणाऱ्याला "आणि नाही तर नाही" हा निष्कर्ष काढायचं आमंत्रणच असतं. त्यांचं उदाहरणही हिरवळ कापून पैसे मिळवण्याचंच होतं. आपल्या वऱ्हाडात "तर"चं नुसतं "त" होतं, पण अर्थ तोच राहतो: "पानी आला त पेरू." यात "नाही आला त नाही पेरनार" हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, न बोललेली गृहीतकं. "पाऊस आला तर पीक येईल" हे तुम्हीआम्ही सगळे मान्य करू. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे यावरून लगेच पुढचं वाक्य सिद्ध होतं: "पाऊस आला आणि ढगफुटीत जमीन खरवडून गेली तर पीक येईल." कारण "जर"मध्ये आणखी एक अट घातल्याने पुस्तकी वाक्य कधी मोडत नाही. ज्याने आयुष्यात एक एकर पेरलंय त्याला विचारा हे. त्याच्या "पाऊस आला तर"मध्ये बेताचा, वेळेवर, खंड न पडता हे सगळं आधीच भरलेलं असतं.

शिवाय काही जर-तर वाक्यं अटीची नसतातच. आई म्हणते, "भूक लागली तर डब्यात चिवडा आहे." पुस्तकाप्रमाणे हे वाक्य उलटं करा: डब्यात चिवडा नसेल, तर तुला भूक लागलेली नाही. करून बघा हा प्रयोग घरी!

एसटीतली परीक्षा

"हे सगळं ठीक आहे हो, पण प्रयोगांनी सिद्ध झालंय ना, की लोकांना जर-तर जमत नाही." हे आपल्यातल्या वाचन करणाऱ्यांचं उत्तर. त्यांच्या डोक्यात पीटर वेसनची १९६६ ची पत्त्यांची परीक्षा असते. टेबलावर चार पत्ते: ई, के, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटायचे? बहुतेक लोक ई आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर ई आणि ७. शिकलेसवरलेले लोकही इथे धडाधड आपटतात, हे खरं आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये तीच परीक्षा दुसऱ्या कपड्यांत घेतली. नियम: बिअर पीत असेल तर वय ठरलेल्या मर्यादेपुढचं हवं. पत्ते चारच, तर्क तोच. आता मात्र सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी अचूक उत्तर दिलं.

बिअर नको असेल तर एसटी घ्या. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. बाकीच्या सवलती बाजूला ठेवू. नियम: मोफत तिकीट असेल तर वय ७५ च्या वर हवं. खामगावहून निघालेल्या गाडीत तपासनीस चढला. समोर चार जण: एकाच्या हातात मोफत तिकीट, एकाच्या हातात पूर्ण तिकीट, एक दिसायलाच तिशीतला, एक दिसायलाच ऐंशीच्या पुढचा. तपासनीस पहिल्याचं ओळखपत्र बघेल आणि तिशीतल्याचं तिकीट बघेल. पूर्ण पैसे भरणाऱ्याचं वय तो कशाला विचारेल? ऐंशीच्या आजोबांनी हौसेने पूर्ण तिकीट काढलं असेल तर त्याला काय करायचंय? हीच ती ई आणि ७ ची निवड. त्या तपासनिसाने तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसेल, पण उत्तर बिनचूक.

म्हणजे लोकांना तर्क जमतो. त्याला कशाचा तरी आधार लागतो: कोणी वचन दिलं, कोणी पाळलं, कोण फसवतंय. स्वर आणि सम संख्या यांच्यात तसलं काहीच नसतं.

मग भेंडवळचं काय?

घटमांडणीची पद्धत थोडक्यात अशी. गोल घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, हरभरा अशी अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, वडा, कुरडई वगैरे. रात्री तिथे कोणी थांबत नाही. सकाळी काय हललं, काय भिजलं ते बघून भाकीत. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही पद्धत सुरू केली आणि ती तीनशेहून जास्त वर्षांची आहे असं सांगतात. ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजलं, त्या महिन्यात पाऊस जास्त.

आता यात लॉजिकची चूक कुठे आहे? "ढेकूळ भिजलं तर पाऊस चांगला. ढेकूळ भिजलं. म्हणून पाऊस चांगला." आकार पाहिलात तर तर्क एकदम शुद्ध आहे. पी इम्प्लाइज क्यू शिकलेल्या माणसाला इथे पकडायला काहीच सापडत नाही! पकडायचंय ते पहिलं वाक्य: ढेकळाचा पावसाशी संबंध काय? आणि संबंध हा प्रश्न पुस्तकी जर-तरने आधीच दाराबाहेर काढलेला आहे.

हा प्रश्न आपल्या जुन्या नैयायिकांनी मात्र केंद्रस्थानी ठेवला. त्यांचं ठरलेलं उदाहरण धूर आणि आगीचं: डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे. यासाठी "जिथे जिथे धूर तिथे तिथे आग" हे अपवाद नसलेलं नातं लागतं, त्याला नाव व्याप्ती. उलटं चालत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर यायला आणखी एक गोष्ट लागते, ओलं सरपण. या लपलेल्या अटीलाही त्यांनी नाव दिलं: उपाधी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहासारख्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकातही हे सगळं आहे.

तेव्हा भेंडवळला विचारायचा प्रश्न सोपा आहे. एकाच रात्री, एकाच शिवारात, दोन शेतांत दोन घट मांडा. दोन्हीकडे त्याच महिन्याचं ढेकूळ भिजलं का? दहा वर्षं लिहून ठेवा आणि पाऊस मोजा. व्याप्ती असेल तर दिसेल. हा प्रश्न कुठल्याही शेतकऱ्याला समजतो, कारण बियाणं घेतानाही तो हेच विचारतो. त्याला ट्रुथ टेबल दाखवून काय उपयोग?

खरी फसगत कुठे होते

भेंडवळवर हसणं सोपं आहे. आता जरा हसू न येणारी उदाहरणं घेऊ. त्याच जिल्ह्यातला तोच सोयाबीन-कपाशीवाला शेतकरी, आणि त्याच्यापर्यंत पोचणारी सरकारी जर-तर वाक्यं.

एक: ७२ तास. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता राज्य सरकारने. २०२५ च्या खरिपात ते बंद झालं. ती योजना चालू असताना गावोगावी पोचलेलं एक वाक्य म्हणजे: नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवा. गारपीट, शेतात पाणी साचणं, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग, किंवा कापून वाळत घातलेलं पीक भिजणं, अशा नुकसानीसाठी हा नियम होता.

शेतकऱ्याने काय ऐकलं? "वेळेत कळवलं तर भरपाई मिळेल." नियम काय होता? "वेळेत न कळवल्यास भरपाई मिळणार नाही." आपल्या भाषेत, कळवणं आवश्यक होतं, पुरेसं नव्हतं. कळवल्यानंतर पाहणी, नुकसानीचं कारण यादीत बसतं का, टक्केवारी किती, त्या दिवसापर्यंत पिकावर खर्च किती झालेला धरायचा, ही पुढची सगळी माळ बाकीच होती.

आता कॅन्टीनमधला मित्र म्हणेल, "हीच तर चूक! पुअर लॉजिक!" बरं. तुमचा मॅनेजर तुम्हाला म्हणाला, "शुक्रवारपर्यंत टाइमशीट भरली नाहीस तर पगार अडकेल." तुम्ही गुरुवारीच भरली. तरीही पगार अडकला. तुम्ही एचआरकडे गेलात आणि तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "भरली नाही तर अडकेल असं म्हटलं होतं. भरली तर अडकणार नाही असं कुठे म्हटलं होतं?" तुम्ही काय कराल? "अरे हो, माझाच तर्कदोष" म्हणून जागेवर येऊन बसाल? तिथेच टेबल बडवाल! शेतकऱ्याने यापेक्षा वेगळं काहीही केलेलं नाही.

दोन: कोणाचं पीक? "पिकाचं नुकसान झालं तर विमा." ऐकणारा "माझ्या पिकाचं" असं समजतो. दुसरं काय समजणार? पण विम्याचा मुख्य भाग महसूल मंडळासारख्या ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या सरासरीवर चालतो. तिथे पीक कापणी प्रयोग होतात, सरासरी निघते, ती आधी ठरलेल्या उंबरठा उत्पादनाशी ताडून बघतात. मनाचे आकडे घेऊन बघू. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. मंडळाची सरासरी ८ आली तर तूट २० टक्के, भरपाई हेक्टरी १०,०००. सरासरी १०.५ आली तर भरपाई शून्य. मग नाल्याकाठच्या तुमच्या शेतात एक दाणा आलेला नसो. २०२५ च्या खरिपासाठी राज्याने स्थानिक आपत्तीचे वैयक्तिक निकष काढून टाकले आणि भरपाई कापणी प्रयोगांवरच ठेवली, तेव्हा तर हा फरक आणखी महत्त्वाचा झाला. "जर"मध्ये कोण आहे हेच जिथे सांगितलेलं नाही, तिथे "तर"चा अर्थ लागणार कसा?

तीन: न मोडणारं वचन. जून २०१७ च्या कर्जमाफीत मर्यादा दीड लाखाची होती. थकबाकी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची, मग दीड लाख सरकार भरणार. समजा थकबाकी चार लाख. म्हणजे वाक्य असं: "अडीच लाख भरलेस तर दीड लाख आम्ही भरू." ज्याच्याकडे अडीच लाख नाहीत (असते तर थकला कशाला असता?) त्याच्यासाठी "जर" कायमचं खोटं. आणि "जर" खोटं असलं की पुस्तकाप्रमाणे वाक्य खरं! लोणारच्या चौकोनी सरोवरासारखंच. या माणसाच्या बाबतीत सरकारने वचन मोडलं असं तर्कशास्त्र कधीच म्हणणार नाही. त्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, आपल्याला कुणी वचन दिलंच नव्हतं. मला त्याचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

एका "च"चा प्रश्न

गंमत म्हणजे हा फरक दाखवायला मराठीत एक अक्षर पुरतं. "कळवलं तर भरपाई" आणि "कळवलं तरच भरपाई". इंग्रजीत दोन-तीन शब्द खर्चून होतं ते आपला "च" एका फटक्यात करतो. "शिवाय"ही आहेच. कृषी खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. याचा अर्थ कोणी "१०० मिलिमीटर झाला की डोळे मिटून पेरा" असा घेत नाही. शेतकरी ओल किती खोल गेलीय ते बघतो, पुढचा अंदाज ऐकतो, मग ठरवतो. तरीही खंड पडून दुबार पेरणीची वेळ येते, पण त्यासाठी तो कृषी खात्याच्या वाक्याला दोष देत नाही. वाक्य सरळ असलं की आवश्यक आणि पुरेसं यांतला फरक लोकांना बरोबर कळतो.

अर्थात नुसता "च" लावून सुटका नाही. "अभ्यास केलास तरच क्रिकेट" म्हटल्यावर अभ्यास संपवून बॅट घेऊन उभं राहिलेल्या पोराला "तरच म्हटलं होतं, मिळेलच असं नाही" हे ऐकवून बघा. रोजच्या भाषेत अट घालणारा माणूस स्वतःही बांधला जातो. पुस्तकी जर-तरला हे माहीत नाही. आणि "अटी लागू" असं बारीक अक्षरात छापणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो मोठ्या अक्षरात रोजचं "तर" वापरतो आणि बारीक अक्षरात पुस्तकी.

आणि आपण

या सगळ्या योजना शेवटी कोणाच्या तरी कोडमधून जातात. तिथला "इफ" हा फिलोचाही नाही आणि आईचाही नाही. तो हुकूम आहे: अट जुळली तर हे कर. "एल्स" लिहिला नसेल तर मशीन गप्प बसतं. आपल्याला ती गप्प ओळ दिसते. पलीकडच्या माणसाला फक्त शांतता मिळते.

त्याहून वाईट म्हणजे मोकळी राहिलेली रकाना. एसक्यूएल वापरणाऱ्या प्रत्येकाला "नल" माहीत आहे. समजा "खातं आधारशी जोडलंय का" हा रकाना कोणाचा तरी रिकामा राहिला. "हो" असलेल्यांची यादी काढली, हा त्यात नाही. "नाही" असलेल्यांची यादी काढली, हा त्यातही नाही! कारण रिकाम्याची तुलना केली की उत्तर हो नाही, नाही नाही, "माहीत नाही" येतं, आणि अशी ओळ क्वेरी मुकाट्याने गाळते. म्हणजे पैसे मिळालेल्यांत तो नाही आणि नाकारलेल्यांतही नाही. त्याला नकाराचं पत्रही जाणार नाही. तो बँकेत, तहसीलला, सेवा केंद्रात चकरा मारत राहणार आणि प्रत्येक जण स्क्रीनकडे बघून सांगणार, "तुमचं नाव दिसत नाही." यात बग कोणाच्या लॉजिकमध्ये आहे, सांगा बरं.

यावर दोन उत्तरं नेहमी येतात.

"शासन निर्णयात सगळं लिहिलेलं असतं, वाचायची जबाबदारी त्यांची." आपल्यापैकी किती जणांनी कुठल्याही ॲपच्या अटी पूर्ण वाचून मग "आय ॲग्री" दाबलंय? शेतकरी वाचतो तो फ्लेक्स आणि एसएमएस. तिथे जे "तर" लिहिलंय तेच त्याच्यासाठी खरं.

"कायद्याची भाषा काटेकोरच हवी." अगदी मान्य. शासन निर्णय काटेकोरच असू द्या. पण काटेकोर वाक्याचं ढिलं भाषांतर करून ते लोकांपर्यंत पोचवायचं आणि वाद झाला की काटेकोर मूळ काढून दाखवायचं, याला काटेकोरपणा म्हणत नाहीत. दोन तराजू ठेवणं म्हणतात.

माझी मागणी फार मोठी नाही. अट असलेली कोणतीही सूचना, फॉर्म, एसएमएस किंवा स्क्रीन लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरं त्यातच द्यावीत. हे केलं नाही तर काय होईल? हे केलं तर तेवढ्यावर मिळेल का, की आणखी काही बाकी आहे? आणि मिळालं नाही तर कोणती अट अडली हे कोण, किती दिवसांत सांगेल?

७२ तासांचा तो निरोप या पद्धतीने असा झाला असता: "नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवा. उशीर झाल्यास भरपाई मिळणार नाही. वेळेत कळवल्यावर पाहणी होईल आणि नुकसानीचं कारण व प्रमाण बसलं तरच भरपाई मिळेल. दावा नाकारल्यास कारण लेखी कळवू."

चार वाक्यं. एका एसएमएसमध्ये मावत नसेल तर दोन पाठवा. परवडतं.

आणि तुम्ही स्वतः हे कोड लिहिणाऱ्यांपैकी असाल, तर सोमवारी ऑफिसला गेल्यावर आपल्या सिस्टीममधला एखादा "इफ" उघडून बघा, ज्याच्या पलीकडे पैसे, प्रवेश किंवा औषध अडकलेलं आहे. त्याला "एल्स" आहे का? रिकामा रकाना आला तर काय होतं? नाकारलेल्या माणसाला कारण कळतं का? यातल्या एकाचंही उत्तर "बहुतेक" असेल, तर लोकांना लॉजिक कळत नाही हे वाक्य निदान आपण तरी काही दिवस बंद ठेवू.